वणवा कोणी लावला आणि डोंगर कोणाचा : उरणच्या डोंगरांतल्या आगीचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय 'वणव्याचा धोका, बदलतं हवामान आणि विद्यार्थ्यांचं गटकाम' असा जाहीर झालाय. वणव्यावर बोलायला वनखात्याचा माणूस हवा, हवामानावर बोलायला शास्त्रज्ञ हवा. मग इतिहासाच्या माणसाला का बोलावलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. माझं उत्तर साधं आहे. द्रोणागिरीच्या डोंगरावर किंवा पनवेल-उरणच्या कुठल्याही टेकडीवर मार्चमध्ये गवत पेटतं, तेव्हा आपण पहिला प्रश्न विचारतो, 'कोणी लावला?' मला वाटतं, त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा, 'हा डोंगर आता कोणाचा आहे?' हा दुसरा प्रश्न इतिहासाचा आहे. इथले जे विद्यार्थी गट करून वणव्याच्या नोंदी करायच्या विचारात आहेत, त्यांना तो माहीत असल्याशिवाय काम नीट जमणार नाही.

उरणमध्ये 'आग' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गवत येत नाही, गॅस येतो. १९७४ साली बॉम्बे हाय सापडलं, १९७६ मध्ये तिथून तेल निघायला लागलं, आणि त्याच दशकाच्या शेवटी ओएनजीसीचा प्रकल्प उरणला उभा राहिला. ३ सप्टेंबर २०१९ ला त्या प्रकल्पात आग लागली आणि चार जणांचा जीव गेला. ती आग वेगळी, कारखान्यातली. पण एका बाजूला सुकलेल्या गवताचा डोंगर, दुसऱ्या बाजूला गॅसचा प्रकल्प, मध्ये नव्या इमारती, रस्ते आणि जुनी गावं, असा हा परिसर आहे. डोंगरावरची किरकोळ आग इथे किरकोळ राहीलच असं नाही.

राब : नियम असलेली आग

आता दीडशे वर्षं मागे जाऊ.

कोकणातली भातशेती आगीशिवाय होत नव्हती. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते 'राब' शब्द लगेच ओळखतील. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तिथे उन्हाळ्यात झाडांचा टहाळ, पालापाचोळा, शेण, गवत असे थर द्यायचे, वर बारीक माती पसरायची आणि ते भाजायचं. टहाळासाठी ऐनाच्या फांद्या उत्तम समजल्या जात. आग लावायची ती वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे ती भडकत पळत नाही, धुमसत हळूहळू सरकते. माती तापते, तण मरतं, राखेचं खत होतं, आणि पहिल्या पावसात पेरलेलं रोप जोमानं येतं.

यात काय काय ज्ञान आहे बघा. वारा कुठून येतो, गवत किती सुकलंय, आग किती वेळ राहील, शेजारच्या बांधाला धोका आहे का, हे सगळं माहीत असल्याशिवाय राब भाजता येत नाही. ते काम एकट्याचंही नसतं. घरातली चार माणसं हिरव्या फांद्या हातात घेऊन बाजूला उभी राहतात. एकाची आग दुसऱ्याच्या पेंढ्यापर्यंत गेली तर गाव विचारणार, हे प्रत्येकाला माहीत असतं.

डोंगरउतारावर कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांची 'दळी'ची शेती होती. तुकडा साफ करायचा, जाळायचा, नाचणी-वरी घ्यायची आणि काही वर्षांनी जागा बदलायची. 'कातकरी' हे नावच खैरापासून कात करण्यावरून आलंय. जंगल आणि आग ही त्यांच्या पोटापाण्याची साधनं होती.

याचा अर्थ पूर्वी सगळं छान होतं असा नाही. तेव्हाही आगी हाताबाहेर जात. चांगलं नवं गवत फुटावं म्हणून डोंगर पेटवले जात, शिकारीसाठी पेटवले जात. मुद्दा इतकाच की आग लावणारा, ती राखणारा आणि तिचं नुकसान सोसणारा, हे तिघे एकाच गावात राहत होते.

आग गुन्हा झाली

१८६४ मध्ये ब्रिटिश सरकारनं डीट्रिख ब्रँडिस यांना वनखात्याचे पहिले महानिरीक्षक नेमलं. त्याच सुमारास मध्य प्रांतात बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन यांनी जंगल आगीपासून पूर्ण राखण्याचा प्रयोग सुरू केला. आग म्हणजे नासधूस, म्हणून जंगलातून आग हद्दपार करायची, हा विचार तिथून देशभर गेला. १८६५ चा पहिला वनकायदा, मग १८७८ चा कडक कायदा. राखीव जंगल, संरक्षित जंगल असे भाग पडले. जिथून लोक टहाळ तोडत, गुरं चारत, तिथे जाणं आता सवलतीवर आलं. सवलत म्हणजे साहेब देईल तोवर.

याचा चटका महाराष्ट्राला लगेच बसला. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगलखात्यामुळे गुरांची चराई गेल्याची तक्रार आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राबासाठी झाडं छाटू द्यायची की नाही, हा त्या कमिशनपुढच्या मोठ्या प्रश्नांपैकी एक होता. अनेक अधिकाऱ्यांच्या मते राब म्हणजे अडाणीपणा, शेतकऱ्यांच्या मते राब नाही तर भात नाही.

पुढे १९१२ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राब पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मला तो महत्त्वाचा वाटतो. त्यांनी शेतकऱ्याला चूक ठरवून सुरुवात केली नाही. 'तो हे का करतो?' असं विचारून त्यांनी त्याची पद्धतच प्रयोगाला लावली. गटानं केलेल्या अभ्यासाचं हे इथलं जुनं उदाहरण म्हणून लक्षात ठेवा.

गंमत म्हणजे खुद्द वनखात्यातही शंका सुरू झाली होती. १८९६ मध्ये ब्रह्मदेशातल्या स्लेड नावाच्या अधिकाऱ्यानं लिहिलं की आगीपासून जरुरीपेक्षा जास्त राखल्यामुळे सागाचं नुकसान होतंय. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तिथे हंगामाच्या सुरुवातीलाच हलकी आग लावून पुढची मोठी आग टाळायची पद्धत मान्य झाली. अमेरिकेनं हाच धडा फार उशिरा घेतला. तिथे १९१० च्या प्रचंड वणव्यानंतर सगळा भर विझवण्यावर गेला. १९३५ मध्ये तर आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे, असं धोरण ठरलं. काही दशकं आगी विझवल्या, पण जंगलात सरपण साठत गेलं. १९७० च्या दशकात ते धोरण बदलावं लागलं.

आपल्याकडे मात्र १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं जुनी चौकट पक्की केली. तो कायदा आजही लागू आहे. त्यातली दोन कलमं सांगतो. कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. एवढंच नाही, कोणी मुद्दाम किंवा अक्षम्य हयगयीनं आग लावली असेल तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क स्थगित करू शकतं. म्हणजे आग एकानं लावायची आणि गुरं सगळ्यांची उपाशी. कलम ७९ प्रमाणे ज्यांना जंगलात काही हक्क आहेत, त्यांनी वणवा विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. पूर्वी गाव आग राखायचं ते आपला पेंढा, आपली गुरं वाचवायला. आता राखायचं ते कायद्याच्या धाकानं. काम तेच, पण त्यातला आपलेपणा गेला.

चिरनेर, २५ सप्टेंबर १९३०

याच तालुक्यातली गोष्ट. १९३० च्या एप्रिलमध्ये दांडीला मिठाचा कायदा मोडला गेला. पावसाळा लागला की मीठ काही करता येत नाही. म्हणून महाराष्ट्रात पावसाळ्यात चळवळ जंगलाकडे वळली. जुलैमध्ये बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. मग बिळाशी आणि इतर अनेक गावं उठली, आणि सप्टेंबरमध्ये आपलं चिरनेर.

२५ सप्टेंबरला आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी शेतकरी कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेले आणि त्यांनी झाडं तोडून कायदा मोडला. पोलिसांनी गोळीबार केला. आठ जण हुतात्मा झाले. मामलेदार जोशी यांचाही त्याच दिवशी मृत्यू झाला. चिरनेरच्या धाकू गवत्या फोफेरकर आणि नाग्या महादू कातकरी यांची नावं तुम्ही ऐकली असतील. दिघोडे, खोपटे, पाणदिवे, जुई, कोप्रोली या गावांतलीही माणसं गेली. दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला मानवंदना होते, इथले बरेच विद्यार्थी शाळेतून तिथे गेले असतील.

त्या दिवशी वणवा कोणी लावला नव्हता, भर पावसाळ्यात लागणारही नव्हता. मग आजच्या विषयात चिरनेर कशाला? तर 'हा डोंगर आमचा आहे' हे म्हणायला आठ माणसांचे प्राण गेले, म्हणून. जंगल राखायला निघालेला कोणीही, मग तो साहेब असो, संस्था असो की कॉलेजचा गट, या तालुक्यात हे विसरून गावात शिरला, तर लोक त्याला चहा देतील पण खरी माहिती देणार नाहीत.

तुलनेसाठी कुमाऊंचं उदाहरण घ्या. तिथे १९२१ मध्ये लोकांनी सरकारी जंगलं निषेध म्हणून पेटवली. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. गावानं आपलं जंगल आपण राखायचं. आपल्याकडे तसा काही मार्ग लगेच निघाला नाही. तो कायद्यानं मिळाला २००६ च्या वनहक्क कायद्यात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं तेंदूपानं न तोडण्याचा निर्णय घेतला. तेंदूला चांगली पानं फुटावीत म्हणून जंगलं पेटवली जातात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या निर्णयाचं मोल कळेल. कमाई सोडून देण्याचा निर्णय बाहेरून कोणी लादू शकत नाही. ज्याचं जंगल आहे तोच तो घेऊ शकतो.

डोंगराची माणसं खाली उतरली

उरणचा रस्ता वेगळा गेला. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि लोकलही उरणपर्यंत आली. द्रोणागिरी हे नाव एका रेल्वे स्टेशनलाही मिळालं.

या सगळ्यात डोंगराचं काय झालं, याकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. भातशेती गेली तसा राब गेला. राब गेला, म्हणून टहाळ आणि पालापाचोळा आणायला डोंगरावर जाणं थांबलं. गुरं कमी झाली, म्हणून गवत कापणं आणि चरणं थांबलं. गॅस आला, म्हणून सरपण थांबलं. वनखात्याच्या कागदावर हे चांगलंच आहे, जंगलावरचा ताण कमी झाला! पण कोकणात चार महिने धो-धो पाऊस पडतो, गवत कमरेइतकं वाढतं, आणि पुढचे सात-आठ महिने ते जागेवर सुकत राहतं. ते कोणी कापत नाही, कोणी चारत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यावर पानगळ पडते.

मग एक ठिणगी पुरते. ती कोणाची असेल? फेकलेली विडी असेल, ट्रेकला आलेल्यांची चूल असेल, पेटवलेला कचरा असेल, कोणाला प्लॉट साफ हवा असेल, कोणी सशामागे असेल. वणवा आपोआप लागतो असं आपण म्हणतो, पण आपल्या हवामानात उन्हाळ्यातली जवळजवळ प्रत्येक आग माणसानंच लावलेली असते. फरक इतकाच झालाय की लावणारा आता गावातलाच असेल असं नाही, राखणारं कोणी उरलेलं नाही, आणि नुकसान नक्की कोणाचं हेही कोणाला सांगता येत नाही.

त्यात हवामान बदलतंय. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२३ चा फेब्रुवारी सरासरी कमाल तापमानात देशात सगळ्यात उष्ण ठरला होता, तर २०२५ चा फेब्रुवारी एकूण सरासरी तापमानात. म्हणजे गवत लवकर सुकतं आणि वणव्याचा हंगाम अलीकडे सरकतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं १४ जण गेले. खारघर इथून किती लांब आहे? डोंगर जळाला की जूनच्या पहिल्या जोरदार सरींना उघडी माती मिळते आणि ती ओढ्यातून खाली येते. उन्हाळ्यातल्या आगीचा हिशेब असा पावसाळ्यात चुकवावा लागतो.

विद्यार्थ्यांनी यात काय करायचं

विद्यार्थ्यांच्या सामूहिक कामाची परंपरा आपल्याकडे आहे. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर 'दुष्काळाविरुद्ध युवक' अशी शिबिरं झाली. नंतर वृक्षारोपण आलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक 'पर्यावरण प्रकल्प' आला. तो प्रकल्प बहुतेक वेळा कसा होतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे! (हशा) आणि जूनमध्ये लावलेलं रोप पुढच्या मार्चच्या वणव्यात जळालं, तर ते कोणी बघायला जात नाही, कारण तेव्हा परीक्षा असते.

म्हणून एक साधी मांडणी सुचवतो. सहा-सात जणांचा गट आणि कामाची तीन हातांत वाटणी.

दोघांनी उपग्रहाच्या नोंदी बघायच्या. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहावरून आगी टिपतं. पूर्वीच्या उपकरणाचा एक ठिपका एक किलोमीटरचा होता, आता पावणेचारशे मीटरचा मिळतो. या नोंदी मोफत बघता येतात. पण एक मेख आहे. हे उपग्रह साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात. संध्याकाळी पाचला पेटून साडेसहाला विझलेली गवताची आग त्यांना दिसतच नाही. म्हणजे नकाशावर ठिपका नाही, याचा अर्थ आग लागली नाही असा होत नाही.

म्हणून दुसऱ्या दोघांनी डोंगर चालायचा. आग विझल्यानंतर, वनखात्याला कळवून, सकाळी. जळालेल्या तुकड्याच्या कडा मोबाईलवर नोंदवायच्या. आग कुठे थांबली, का थांबली ते लिहायचं. पायवाट होती? ओढा होता? कोणाच्या आंब्या-काजूच्या बागेभोवती साफ केलेला पट्टा होता? आग थांबण्याची जागा म्हणजे उद्याच्या जाळरेषेची जागा.

उरलेल्यांनी गावात आणि वाडीत बसायचं. हे सगळ्यात अवघड. 'वणवा कोण लावतं?' असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. विचारणाऱ्याच्या हातात वही असली की कातकरीवाडीत पोलिसच आठवतात, आणि त्याला कारणही आहे. 'राब कसा भाजायचात?' असं विचारा. 'गवत कोण कापायचं, कुठून कापायचं, आग पलीकडे जाऊ नये म्हणून काय करायचात?' असं विचारा. माणूस खुलतो. जी माहिती कुठल्याही कार्यालयात नाही, ती बाहेर येते.

मग तिन्ही नोंदी एका नकाशावर मांडायच्या आणि तो नकाशा आधी गावात दाखवायचा, नंतर वनपालाला. हा क्रम बदलू नका. दोन-तीन हंगाम हे केलंत तर जानेवारीत जाळरेषा कुठे काढायची, शिमग्याच्या पंधरवड्यात पहारा कुठे ठेवायचा, हे गाव, वनरक्षक आणि तुम्ही मिळून ठरवू शकाल. आणि तुकड्या-तुकड्यानं गवत कापून नेणाऱ्याला ते फुकट नेऊ द्यायला काय हरकत आहे, हाही प्रश्न तुम्ही विचारू शकाल. जुन्या काळी जे आपसूक होत होतं, ते आता ठरवून करावं लागणार आहे.

एक गोष्ट मात्र पक्की. पेटलेली आग विझवायला विद्यार्थ्यांनी जायचं नाही. आग चढावर फार वेगानं पळते. आगीच्या वरच्या बाजूला उभा राहिलेला माणूस वाचत नाही. ते काम शिकलेल्या माणसांचं आहे. तुमचं काम आगीच्या आधीचं आणि नंतरचं.

शेवटी एवढंच. मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्याची आग समजून घेतली, तेव्हा त्यांना शेतीबद्दल काही कळलं. ज्यांनी तिला आधी गुन्हा ठरवलं, त्यांना चिरनेर बघावं लागलं. तुमचा गट डोंगरावर जाईल तेव्हा यातल्या कोणत्या बाजूनं जायचं, ते तुम्हीच ठरवायचं आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.